लेकराची फाईल आईच्या हातात हवी

(आखाडा बाळापूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेले बहुतेक जण विशी-पंचविशीचे आहेत. कोणी मोबाइलच्या दुकानात काम करतं, कोणी सेवा केंद्र चालवतं, कोणी कॉलेजसाठी नांदेडला जाऊन-येऊन असतं. मोहल्ल्यात स्कॉलरशिपचा अर्ज असो, रेशनकार्डची केवायसी असो, नाहीतर पीकविमा असो, माणसं तुमच्याकडे येतात. म्हणूनच आजचा विषय तुमच्यासमोर ठेवतो आहे. शून्य ते सहा वर्षांच्या ज्या लेकरांच्या वाढीत काही अडचण आहे, ज्यांना नीट ऐकू येत नाही, दिसत नाही, जी वेळेवर बसत, चालत, बोलत नाहीत, त्यांच्या नोंदी कुठे होतात, त्या कुठे हरवतात आणि हातातल्या फोनवर आपण त्या कशा सांभाळू शकतो, एवढंच मला बोलायचं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. सरकारने या लेकरांसाठी पुष्कळ ठिकाणी नोंदी सुरू केल्या आहेत. पण प्रत्येक ठिकाणचा क्रमांक वेगळा आणि माणूस वेगळा. या सगळ्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे लेकराची आई. तिच्याकडे मात्र प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये कोंबलेले, घड्यांवर फाटलेले कागद असतात. त्या कॅरीबॅगची नीट फाईल करून तिच्याच हातात देणं, हे आपलं काम.

घाई कशासाठी?

कानाचं उदाहरण घ्या. जन्मतः ऐकू कमी येणाऱ्या बाळासाठी जगभर एक साधा हिशेब सांगतात : एका महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा थेरपी सुरू. कारण भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त असते. आपल्या घरांत काय म्हणतात? ‘इसका बाप भी देर से बोल्या था.’ या एका वाक्यात दोन वर्षं निघून जातात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते, पण जन्मतः न ऐकणाऱ्या मुलासाठी त्यात वयाची अट आहे, पाच वर्षांपर्यंतची. सहाव्या वर्षी कागद घेऊन पोचलात तर कागद खरा असूनही उपयोग होत नाही.

या योजनेचं काम पाहणारी संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. तिचं नाव अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. १९८३ साली ती सुरू झाली. अली यावर जंग हे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे आणि पुढे अलीगढचे कुलगुरू, आणि १९७० च्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या माणसाचं नाव या संस्थेला आहे. आपल्या किती घरांना ही संस्था माहीत आहे, ते आज घरी गेल्यावर विचारून बघा.

दुसरं उदाहरण वाकड्या पायांचं, ज्याला क्लबफूट म्हणतात. जन्मानंतर लवकर सुरुवात करून दर आठवड्याला प्लास्टर बदलत नेलं, तर बहुतेक बाळांचे पाय मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ होतात. पण पाय सरळ झाला म्हणजे उपचार संपला असं नसतं. पुढे चार वर्षांच्या वयापर्यंत रात्री खास बूट घालावे लागतात. ते मध्येच सोडले तर पाय पुन्हा वळतो. म्हणजे या आजारात तारीख लक्षात ठेवणं हाही उपचाराचाच भाग आहे. ती तारीख चुरगळलेल्या चिठ्ठीवर असेल तर उपचारही त्या चिठ्ठीसारखाच हरवतो.

नोंद कुठे कुठे होते?

आता एका लेकराच्या मागे मागे चालू या.

बाई गरोदर राहिली की आशाताई किंवा एएनएम तिची नोंद आरसीएच पोर्टलवर करतात आणि तिला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्या कार्डात लसीकरण असतं, वजनाचा आलेख असतो, आणि बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं याची चित्रं असतात. आपण त्यात फक्त लसीचं पान बघतो, चित्रांचं पान कोणी उघडत नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. पुढे तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी येते. तिच्या वहीत नोंद होते.

मग अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचं हे केंद्र. इथली नोंद पूर्वी रजिस्टरमध्ये होती, २०२१ पासून ती ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर आली. वजन, उंची, हजेरी, आहार सगळं त्यात.

त्यानंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला याची सुरुवात झाली. डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता असं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी ते तपासतं. शंका आली की पुढे पाठवतं. जिल्हा पातळीवर ज्याला डीईआयसी म्हणतात, त्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढची तपासणी आणि थेरपी व्हावी, अशी रचना आहे.

शेवटी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र. २०२१ च्या १ जूनपासून दिव्यांग प्रमाणपत्र या पोर्टलवरूनच ऑनलाइन द्यायचं, असा नियम झाला. अठरा अंकी क्रमांक मिळतो. ४० टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, ४० ते ७९ पिवळी, ८० आणि त्यावर निळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली जाते. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होत्या. स्वमग्नता, थॅलॅसेमिया, सिकलसेल, अध्ययन अक्षमता या नव्या यादीत आल्या. पुढे लेकरू शाळेत गेलं की शाळेच्या पोर्टलवर आणखी एक क्रमांक.

मोजा बरं. आरसीएचचा क्रमांक, पोषण ट्रॅकरची नोंद, पथकाची चिठ्ठी, रुग्णालयाचा केसपेपर, यूडीआयडी, आधार, शाळेचा क्रमांक. एका चार वर्षांच्या लेकराच्या सात नोंदी! यातली एक नोंद दुसरीकडे आपोआप पोचेल, या भरवशावर कोणत्याही आईने राहू नये.

ॲप आलं म्हणून काम झालं का?

२०२३ च्या २८ नोव्हेंबरला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात तीन पायऱ्या आहेत. सेविकेने लवकर ओळखायचं, लेकराला आणि घरच्यांना अंगणवाडीच्या कार्यक्रमांत सामील करून घ्यायचं, आणि आशा, एएनएम व बाल स्वास्थ्य पथकामार्फत पुढे पाठवायचं. दिव्यांग लेकराच्या वाढीचा मागोवा पोषण ट्रॅकरवर ठेवायचा, असंही ठरलं. चांगली गोष्ट आहे. आत्तापर्यंत अशा लेकराला ‘घरीच ठेवा, इथे सांभाळता येत नाही’ म्हणायची सवय होती. आता अंगणवाडीत त्याची जागा आहे, असं कागदावर लिहिलेलं आहे आणि ते आपण दाखवू शकतो.

पण ॲप कोण चालवतं, तेही बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन कमी ताकदीचे होते, गरम होत, बंद पडत, आणि पोषण ट्रॅकर नीट मराठीत नव्हता. ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षं मराठीत रजिस्टर लिहिलं, तिला इंग्रजीत माहिती भरायला सांगितली तर चूक कोणाची होणार? म्हणून कोणी सेविकेवर ओरडायला जाऊ नका. तिच्याकडे गरोदर बायांपासून सहा वर्षांच्या पोरांपर्यंत सगळे आहेत. तिला मदत लागत असेल तर फॉर्म वाचून द्या, फोटो नीट काढून द्या. तिचा लॉगिन मात्र हातात घेऊ नका. ती नोंद तिच्या जबाबदारीची आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. या आकड्यातल्या एकाही लेकराला त्या आकड्यामुळे श्रवणयंत्र मिळालं नाही. मोजणी वेगळी आणि एका लेकराचा पाठपुरावा वेगळा. ॲपमध्ये ‘पुढे पाठवलं’ अशी खूण झाली आणि आई नांदेडला पोचलीच नाही, तर ॲपच्या हिशेबात काम झालं, लेकराच्या हिशेबात शून्य.

धागा कुठे तुटतो?

पहिली जागा, नाव. आपल्या भागात नावाआधी शेख, सय्यद, पठाण लिहायची पद्धत आहे. समजा आधारवर ‘शेख आयेशा शेख रहीम’ आहे. जन्मदाखल्यावर ‘आयेशा रहीम शेख’. केसपेपरवर घाईत ‘आयशा शे.’. मोहम्मदचं कुठे महंमद, कुठे मोहंमद, कुठे नुसतं ‘मो.’. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे बेगम लावून, कुठे बी लावून. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. माणसाला कळतं की हे एकच लेकरू आहे. संगणकाला ती चार वेगळी लेकरं दिसतात. म्हणून जन्मदाखल्यावर जे नाव, तेच अक्षर न अक्षर सगळीकडे.

त्यासाठी मुळात जन्मदाखला हवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नाव ठरलं नसेल तरी नोंद करा. नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. वर्ष उलटून गेल्यावर जन्मनोंद करायची झाली तर उपविभागीय किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची गरज पडते. २०२३ च्या १ ऑक्टोबरनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासारख्या कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. उशिरा काढलेल्या दाखल्यांवरून राज्यात किती चौकशा झाल्या, तुम्ही वाचलंच असेल. एकवीस दिवसांतलं काम एकवीस दिवसांत करणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरी जागा, फोन नंबर. अर्जावर अब्बूचा नंबर. अब्बू कामाला पुण्याला. रिचार्ज संपला, सिम बदललं, ओटीपी आणि तपासणीच्या तारखेचा मेसेज हवेत गेला. अर्जावर शक्यतो आईचा नंबर द्या, आणि तो बंद पडू देऊ नका.

तिसरी जागा, स्थलांतर. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं उसाला आणि वीटभट्टीला जातात, तुम्हाला मी सांगायला नको. पथक अंगणवाडीत येतं तेव्हा लेकरू कारखान्यावर. ते परत येतं तेव्हा पथक पुढच्या गावात. जाण्याआधी फाईल फोनमध्ये असेल तर तिकडच्या डॉक्टरलाही मागचं दाखवता येतं.

चौथी जागा लाज आणि भीती. आई म्हणते, ‘नाव लिहू नको बेटा, मोठीच्या सोयरिकीला अडचण येईल.’ या भीतीला हसू नका. ती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे माहिती बाहेर जाणार नाही याची हमी, आणि ती हमी आपण वागण्यातून द्यायची असते.

याच्याशी लागून एक अवघड गोष्ट. डॉक्टर विचारतात, नवरा-बायको नात्यातले आहेत का? काही जन्मजात बहिरेपण आणि काही अनुवंशिक आजार जवळच्या नात्यातल्या लग्नांमध्ये जास्त दिसतात. चाचा-खालाच्या मुलांत लग्न आपल्याकडे होतं, मामाच्या मुलीशी लग्न मराठवाड्यात इतर समाजांतही होतं. तेव्हा हा प्रश्न कोणा एका जमातीला हिणवायला विचारलेला नाही. खोटं सांगितलं तर नुकसान लेकराचं, आणि पुढच्या बाळाचं. खरं उत्तर लिहू द्या.

फोनवर काय करायचं?

नवीन ॲप बनवायची गरज नाही. जे आहे त्यातच होतं.

आईच्या फोनमध्ये लेकराच्या नावाचा एक फोल्डर करा. प्रत्येक कागद उजेडात, सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करा. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काम. उदाहरणार्थ, ‘२०२५-०३-१४ कान तपासणी’. असं केलं की फाईली आपोआप तारखेनुसार लागतात आणि डॉक्टरला दोन मिनिटांत पूर्ण इतिहास दिसतो. मूळ कागद एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद टाकायचा नाही. लॅमिनेशनही करू नका, त्यावर पुढचा शिक्का बसत नाही.

दुसरं, एक साधा तक्ता. आठ रकाने : तारीख, काय झालं, कुठे, कोणी पाहिलं, कागद मिळाला का, पुढची तारीख, कोण नेणार, झालं का. वाचता न येणाऱ्या आईसाठी पुढची तारीख तिच्या भाषेत, मराठीत, उर्दूत, दख्खनीत, आवाजी संदेश करून ठेवा. कॅलेंडरमध्ये दोन गजर लावा, एक आठवडा आधी आणि एक आदल्या दिवशी. गजर आठवडा आधी का? कारण नांदेडला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते, भाडं लागतं, दुसऱ्या पोरांना सांभाळायला कोणीतरी लागतं. त्याची तयारी एका रात्रीत होत नाही.

तिसरं, दहा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ. बाळ चार महिन्यांचं झालं, मान धरतं का? नऊ महिन्यांचं झालं, आधाराशिवाय बसतं का? दीड वर्षाचं झालं, चालतं का? हाक मारली की वळून बघतं का? झटका येत असेल तर त्याचाही, बाळाला सुरक्षित कुशीवर वळवल्यावर. दवाखान्यात लेकरू रडतं, नाहीतर झोपतं. घरातला छोटा व्हिडिओ डॉक्टरला पुष्कळ सांगतो.

चौथं, यूडीआयडी. अर्ज भरताना जन्मदाखला, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. पाच वर्षांखालच्या बाळाचं आधार निळं असतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. पाचव्या वर्षी ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं. अर्जाचा क्रमांक त्याच दिवशी तक्त्यात लिहा. लहान मुलांचं प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचं असतं, कारण वाढीबरोबर स्थिती बदलते. मुदत संपायची तारीखही गजरात टाका. कार्ड मिळालं की स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असलेल्या लेकरासाठी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याची चौकशी करा. त्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही येतो.

पाचवं, उत्तर मागायला शिका. पुढे पाठवलं तर चिठ्ठी मागा. अर्ज दिला तर पोच मागा. महिनोन्‌महिने हालचाल नसेल तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. राज्यात २०२२ च्या डिसेंबरपासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र आहे, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. नीट लावलेली फाईल असेल तर तक्रारीला वजन येतं. ‘आम्ही खूप वेळा गेलो’ यापेक्षा ‘आम्ही या पाच तारखांना गेलो, या पाच पोच’ हे टाळता येत नाही.

काय करायचं नाही?

निदान तुम्ही करायचं नाही. ‘हा ऑटिझमवाला आहे’ असं यूट्यूब बघून सांगू नका. तुमचं काम ‘दाखवून या’ म्हणण्यापर्यंत.

लेकराचे रिपोर्ट, फोटो, व्हिडिओ मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, मदत गोळा करायलासुद्धा. मूल उद्या मोठं होणार आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती हा पाया धरला आहे. कायदा नसता तरी लेकराची आब्रू असतेच. तुम्हा चार-पाच जणांचा मिळून तक्ता असेल तर त्यात नाव आणि आजार लिहू नका, फक्त घराचा एक खुणेचा क्रमांक आणि पुढची तारीख. बाकी सगळं आईच्या फोनमध्ये. तुमच्या फोनवर स्कॅन केलं असेल तर तिला पाठवून तिच्यासमोर पुसून टाका. ओटीपी, पासवर्ड वहीत तिच्याकडे. या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि स्टेटसला फोटोही लावायचा नाही.

आणि हे काम फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं ठेवू नका. अंगणवाडीच्या त्याच खोलीत सगळ्यांची लेकरं बसतात. ज्या घरात असं लेकरू आहे, ते घर तुमचं.

येत्या आठवड्यात प्रत्येकाने एकाच घरी जायचं. सोबत एखाद्या बहिणीला किंवा आपाला घ्या, म्हणजे आई मोकळेपणाने बोलेल. परवानगी मागा, कॅरीबॅग उघडा, कागद तारखेने लावा, स्कॅन करा, तक्ता भरा. उठण्याआधी आईला एकच प्रश्न विचारा : पुढची तारीख कोणती? कागद न शोधता ती सांगू शकली, तर तुमचं त्या दिवसाचं काम झालं. त्या तारखेला ती जाऊन आली का, हे विचारायला पुन्हा जायचं आहे, तेवढं विसरू नका.